‘हू’ की ‘हूम’? उत्तरातला ‘म’ बघा

इंग्रजी ईमेल लिहिताना ‘हू’ (who) की ‘हूम’ (whom) यावर हात अडतो आणि मग ऑफिसात वाद रंगतो. सोपा उपाय:

१. प्रश्नाचं उत्तर मनात द्या. बाईबद्दल असलं तरी पुरुषच धरा, ‘हर’ने (her) घोळ होतो.
२. उत्तरात ‘हिम’ (him) आलं तर ‘हूम’. दोन्हींच्या शेवटी ‘म’! ‘हूम डिड यू कॉल?’ – ‘आय कॉल्ड हिम.’
३. ‘ही’ (he) आलं तर ‘हू’. ‘हू कॉल्ड यू?’ – ‘ही कॉल्ड.’

मध्ये ‘आय थिंक’ घुसलं असेल तर ते आधी उचलून बाजूला ठेवा. ‘द मॅन हू आय थिंक इज द मॅनेजर’ इथे ‘ही इज’, म्हणून ‘हू’च. भलेभले इथेच ‘हूम’ ठोकून देतात.

एक सांभाळा: बोलताना ‘हू डिड यू कॉल?’ इंग्रजही सर्रास म्हणतात. तिथे कुणाला टोकू नका.