सॉनिक बूमवरून विमानाचा वेग कसा काढावा

विमान ध्वनीचा वेग ओलांडते त्या क्षणी एकदाच स्फोटासारखा आवाज होतो, ही समजूत आधी सोडावी, कारण ती धरून बसल्यास पुढचे गणित मांडताच येत नाही. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जात असेपर्यंत त्याच्यामागे शंकूच्या आकाराची आघातलहर (हवेच्या दाबाची तीव्र लाट) सतत पसरत असते आणि तो शंकू जमिनीवरून सरकत आपल्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा आपल्याला बूम ऐकू येतो.

विमानाच्या वेगाला ध्वनीच्या वेगाने भागले की माख अंक मिळतो. तो जितका मोठा, तितका शंकू अरुंद : माख 1.41 ला शंकूचा अर्धा कोन 45 अंश, तर माख 2 ला 30 अंश असतो. बंदुकीच्या गोळीच्या छायाचित्रात हा कोन कोनमापकाने सरळ मोजता येतो. ज्यांच्या नावाने हा अंक ओळखला जातो, त्या भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी अशी छायाचित्रे 1887 मध्येच प्रसिद्ध केली होती.

विमानासाठी मात्र स्टॉपवॉच लागते. सरळ रेषेत, एकाच उंचीवर जाणारे विमान अगदी डोक्यावर आले की ते सुरू करावे आणि बूम ऐकू येताच थांबवावे. मिळालेल्या सेकंदांना ध्वनीच्या वेगाने गुणून विमानाच्या उंचीने भागावे, उत्तराचा वर्ग 1 मधून वजा करावा, बाकीचे वर्गमूळ काढावे आणि त्याने 1 ला भागावे. येईल तो माख अंक. ध्वनीचा वेग 15 अंश सेल्सिअसला सेकंदाला 340 मीटर असला, तरी 11 किलोमीटर उंचीवरच्या थंडीत तो 295 पर्यंत उतरतो, म्हणून उंचावरच्या विमानासाठी सरासरी 300 धरणे बरे. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या कॉनकॉर्ड या प्रवासी विमानासारखे विमान 17,000 मीटरवर असेल आणि बूम 49 सेकंदांनी आला, तर उत्तर जवळजवळ माख 2 येते. तोवर विमान 29 किलोमीटर पुढे गेलेले असते.

या पद्धतीची मर्यादा गंभीर आहे : त्याच उंचीवर माख 3 ला विलंब 53 सेकंद, म्हणजे फरक अवघा चार सेकंदांचा. त्यामुळे वेळ आणि उंची दोन्ही काटेकोर हवीत. उलट, उंचावर माख 1.15 पेक्षा कमी वेग असेल, तर लहर वरच्या वर वळते आणि बूम बहुधा जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. आवाजाच्या मोठेपणावरून वेगाचा अंदाज तर मुळीच बांधू नये. तो मुख्यतः विमानाच्या उंचीवर, आकारावर आणि वजनावर ठरतो.

उल्का फारच वेगवान असते, त्यामुळे तिच्या बाबतीत लखलखाट आणि आवाज यांमधला विलंब वेग सांगत नाही, फक्त अंतर सांगतो. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्कजवळ सेकंदाला सुमारे 19 किलोमीटर वेगाने उल्का शिरली, आणि लखलखाट पाहून खिडकीशी गेलेले अनेक लोक दोनेक मिनिटांनी आलेल्या लहरीने फुटलेल्या काचांनी जखमी झाले. असा प्रकाश दिसल्यास सेकंद जरूर मोजावेत, पण काचेपासून दूर उभे राहूनच.