टेकडीवरील शिलावर्तुळाची नोंद कशी करावी

विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी लोहयुगातील दफनांवर रचलेली शिलावर्तुळे आढळतात. भोवती मोठ्या शिळांचे कडे आणि आत दगडगोटे व माती यांचा बुटका ढीग, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत; पण आडबाजूच्या टेकडीवरचे एखादे वर्तुळ कोणत्याच यादीत नसते, आणि मुरुमासाठी ती टेकडी पोखरली गेली की केलेली नोंद तेवढी मागे राहते.

पाहणी गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात करावी, कारण काही शिळांवर कोरलेले वाटीसारखे खळगे भर दुपारी दिसतही नाहीत. माथ्यावरचा प्रत्येक ढीग दफनाचाच असतो असे नाही. शेतातून वेचून टाकलेले दगड, गुराख्यांचा आडोसा किंवा भूमापनासाठी रचलेली खूण यांच्याशी गल्लत होऊ शकते, म्हणून कड्यातील शिळा जमिनीत रुतलेल्या आहेत का, हे आधी पाहावे.

वर्तुळाबाहेर टेप सरळ अंथरून आधाररेषा घ्यावी आणि तिच्यापासून काटकोनात प्रत्येक शिळेचे अंतर मोजून १:१०० प्रमाणात आराखडा काढावा. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम व्यास बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजावेत. शिळांना उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्यावेत, मात्र ते कागदावरच. प्रत्येक शिळेची लांबी, रुंदी, जमिनीवरील उंची, दगडाचा प्रकार आणि ती उभी आहे की कललेली, हे लिहावे. बेसॉल्ट या काळ्या ज्वालामुखीय दगडातील चुंबकीय खनिजांमुळे होकायंत्राची सुई विचलित होते. म्हणून दिशा शिळांपासून दूर उभे राहून घ्यावी आणि रेषेच्या दुसऱ्या टोकावरून उलट मोजून पडताळावी. छायाचित्रांत मोजपट्टी व उत्तरदर्शक बाण असावा.

कशालाही धक्का लावू नये, हा यातील सर्वांत कठोर नियम आहे. खळग्यांत खडू भरू नये, ढिगात खुंट्या ठोकू नयेत, झुडपे उपटू नयेत. काळी-तांबडी खापरे दिसली तर त्यांची जागा आराखड्यावर दाखवून ती तिथेच राहू द्यावीत, कारण जागेवरून हललेल्या खापराचा त्या दफनाशी संबंध पुढे सिद्ध करता येत नाही. मध्यभागी धनाच्या लोभाने खणलेला खड्डा असल्यास त्याची खोली मोजावी, बाजूला टाकलेली माती दाखवावी, पण तो उकरू नये.

जे दिसले ते आणि जे वाटते ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. ‘दक्षिणेकडील तीन शिळा नाहीत’ हे निरीक्षण नव्हे, अनुमान आहे. ‘दक्षिणेकडे चार मीटरची मोकळी जागा आहे’ हे निरीक्षण होय.

नोंदीत अक्षांश-रेखांशाबरोबर गाव, तालुका आणि सातबाऱ्यावरील गट क्रमांक द्यावा व तिची प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये.