डोळ्याची नागीण : खपल्या पडल्यानंतरची काळजी

कपाळाच्या एका बाजूला आग होते, कंगवा लागला तरी कळ येते आणि दोन-तीन दिवसांत भुवईवर, पापणीवर पाण्याचे फोड उठतात. कपाळाच्या मधोमध जणू रेघ मारलेली असते, फोड तिच्या पलीकडे जात नाहीत. ही डोळ्याची नागीण. इंदुरात शेजारीपाजारी 'मकडी मूत गई' म्हणतात, आपल्या घरातले 'तोंड-शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या' म्हणतात. दोन्हींत तथ्य नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दबून असतो. वय झालं, मधुमेह किंवा मोठं आजारपण आलं की तो एखाद्या नसेच्या वाटेने पुन्हा उठतो. नस एका बाजूची, म्हणून पुरळही एकाच बाजूला.

मी इथे डोळ्यांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं सिस्टर होते. नागिणीचे रुग्ण घरी कसे सांभाळायचे, हे असंख्य नातेवाइकांना शिकवलं. तरी माझ्या आईच्या वेळी चुकले, तेही पुढे सांगते.

फोड दिसले की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. उशीर झाला म्हणून घरी बसू नका, डोळ्याला लागण असेल तर नंतरही गोळ्या देतात. नाकाच्या शेंड्याकडे मुद्दाम बघा. शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकच नस जाते, त्यामुळे तिथे फोड आला की डोळ्यात लागण होण्याची शक्यता खूप वाढते. शेंडा कोरा असला तरी डोळा तपासायचाच. मोठ्या माणसाला असायक्लोव्हिर सहसा 800 मिलिग्रॅमची, दिवसातून पाच वेळा असते. किडनीचा त्रास असेल तर तो आधी सांगा, डोस बदलतो.

फोडांना काही लावू नका. दूर्वा-तांदळाचा लेप नको, गेरू नको. पापणीवरून तो डोळ्यात उतरतो. टॉवेल वेगळा ठेवा. खपल्या धरेपर्यंत गरोदर बायका, तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेली माणसं लांब राहू देत, त्यांना कांजिण्या होऊ शकतात.

आता ड्रॉप्स. इथेच घरं चुकतात.

आईच्या फोडांच्या खपल्या दोन आठवड्यांत पडल्या. डोळा पांढरा दिसू लागला. ड्रॉप्सची बाटली संपली, तपासणीची तारीख चार दिवसांवर होती आणि मी म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय! तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. आतली सूज उलटली होती आणि डोळ्याचा दाबही वाढला होता. सूज उतरवायचे ते ड्रॉप्स स्टेरॉइडचे होते. ते एकदम थांबवायचे नसतात. दिवसाला चार, मग तीन, दोन, एक, असे आठवडे-आठवडे कमी करत आणायचे असतात, कधी कधी कित्येक महिने. तेव्हापासून मी प्रत्येक घरी सांगते : कालनिर्णयच्या चौकोनात रोजचे थेंब लिहा, घातला की खूण करा आणि बाटली अर्धी झाली की दुसरी आणा.

याच ड्रॉप्सनी दाब वाढू शकतो, पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून दर भेटीत डोळ्याचा दाब मोजला की नाही हे विचारा. आणि मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे ड्रॉप्स द्या' म्हणून काहीही आणू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि बुबुळावर विषाणूची जखम असताना ते चुकीचं पडलं तर जखम पसरते.

दुसरी गोष्ट मला त्याहून उशिरा कळली. एका संध्याकाळी थेंब घालताना माझा हात हलला आणि बाटलीचं टोक आईच्या बुबुळाला टेकलं. तिची पापणी लवलीसुद्धा नाही. मला वाटलं, आई किती शांत बसते! खरं तर बुबुळाची संवेदना गेली होती. नागीण ती नसच दुखावते. मग धूळ गेली, पापणीचा केस घासला, जखम झाली तरी माणसाला कळत नाही. आईला अशीच जखम झाली, दुखलं काहीच नाही, आणि आता त्या जागी पांढरा डाग आहे. त्यामुळे 'दुखत नाही, म्हणजे बरं आहे' हे या डोळ्याबाबत कधीही धरून चालू नका.

थेंब असा घाला : माणूस आडवा झोपवा, खालची पापणी बोटाने हलकी ओढा, थेंब त्या खोबणीत सोडा. बाटली कुठेही टेकवू नका. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. कूलरची हवा तोंडावर नको. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे नेऊ नका, त्या गुलालाचा एक कण पुरे. रोज सकाळी चांगला डोळा झाका आणि दुखऱ्या डोळ्याने कालनिर्णयवरची तिथी वाचायला सांगा. काल वाचता आली आणि आज येत नाही, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.

ठणका काहींचा पुरळ गेल्यावरही तीन-तीन महिने, त्याहून जास्त राहतो. साध्या वेदनाशामकाने तो हटत नाही, नसेच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्या मागून घ्या. या आजारानंतर काही महिने पक्षाघाताचा धोकाही वाढलेला असतो. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळाला, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात.

नागिणीची लस भारतात 2023 पासून मिळते. पन्नाशीनंतर घेता येते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात. आईचा डोळा शांत झाल्यावर डॉक्टरांना विचारून तिला दिली, पाठोपाठ मी आणि भावाने घेतली.