रस्त्यावरील अपघातात मदत करताना या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या संकेश्वर, चिक्कोडी, अथणी भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि रात्री मागच्या ट्रॉलीला अनेकदा ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. गेल्या हंगामात अशाच एका उभ्या ट्रॉलीवर एक दुचाकीस्वार मागून आदळला, तेव्हा मी हाकेच्या अंतरावर होतो. मी पोहोचेपर्यंत चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलले होते, एकाने हेल्मेट ओढून काढले होते आणि समोरच्या घरातून पाण्याचा तांब्या आला होता. त्याच्या मांडीतून मात्र रक्त वाहत होते. काळ्या पँटवर ते अंधारात दिसत नव्हते, हात लावल्यावरच कापड गरम आणि चिकट लागले. चौघेही मनापासून धावून आले होते, आणि तरीही त्या तीन-चार मिनिटांत जवळपास प्रत्येक गोष्ट उलटी घडली होती.

उचलण्याची घाई ही यांतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मानेचा किंवा पाठीचा मणका मोडला असेल, तर हातपाय धरून उचलताना शरीर मध्येच वाकते, मज्जारज्जूला इजा होते आणि एरवी बरा होऊ शकला असता असा माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. आग लागली असेल, मागून वाहने अंगावर येण्याचा धोका असेल किंवा श्वासच थांबला असेल, तरच जखमीला हलवावे, आणि तेव्हाही एकाने डोके व मान धडाच्या सरळ रेषेत धरून ठेवावी. हेल्मेटच्या बाबतीतही हेच लागू आहे. श्वास चालू असेल तर केवळ काच वर करून ते तसेच राहू द्यावे. श्वास बंद असेल किंवा तोंडात रक्त-उलटी साचून घुसमट होत असेल, तर मात्र ते काढावेच लागते. एकाने खालून मान व हनुवटी स्थिर धरावी, दुसऱ्याने कडा फाकवून ते हळूहळू सरकवावे.

पाणी पाजणे हा आपल्याकडे माणुसकीचा पहिला संस्कार आहे, म्हणून ही चूक मोडून काढणे सर्वांत कठीण जाते. परंतु अर्धवट शुद्धीतील माणसाच्या घशातून पाणी श्वासनलिकेत उतरू शकते, आणि शुद्धीवर असलेल्याला तातडीची शस्त्रक्रिया लागली तर भरलेल्या पोटामुळे भूल देताना धोका वाढतो. फारच तहान लागली असेल तर ओल्या कापडाने ओठ टिपावेत.

रक्तस्रावावर मात्र घाईच हवी. पंचा, ओढणी, रुमाल, जे स्वच्छ कापड हाती लागेल त्याची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबावे आणि किमान दहा मिनिटे, ‘थांबले का’ म्हणून उचलून न पाहता, दाबूनच ठेवावे. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, चहापूड किंवा निपाणीकडे सहज मिळणारी तंबाखू जखमेत भरू नये. रुतलेली काच वा सळई उपसू नये, कारण बहुधा तिनेच रक्त अडवून धरलेले असते. हातापायातून उसळणारे रक्त दाबूनही थांबेना, तरच जखमेच्या वरच्या बाजूस रुंद पट्टा आवळावा, वेळ लक्षात ठेवावी आणि रुग्णालयापर्यंत तो सैल करू नये. सुतळी किंवा तार वापरू नये.

एकाहून अधिक जखमी असतील तर सर्वांचे पाय ओरडणाऱ्याकडे वळतात. जो ओरडतो त्याचा श्वास निदान चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जावे. कांदा हुंगवणे, गालावर चापट्या मारणे यात वेळ दवडू नये. दहा सेकंद छातीकडे पाहावे. श्वास चालू असून तोंडात उलटी येत असेल, तर डोके-मान-धड एकत्र ठेवून कुशीवर वळवावे. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब देत राहावे. ‘मला काही झाले नाही’ म्हणत गाडी उचलणाऱ्यालाही जाऊ देऊ नये. थंड घाम, वारंवार उलटी, पेंग येणे ही आतल्या इजेची लक्षणे आहेत.

गर्दीत प्रत्येकाला वाटते की फोन दुसऱ्याने केला असेल. एकाकडे बोट दाखवून ‘तुम्ही 108 लावा’ असे सांगावे. 112 सर्वत्र चालतो आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 आहे. कोगनोळीसारख्या सीमेवरच्या ठिकाणी फोन महाराष्ट्राच्या केंद्रात लागू शकतो, म्हणून सर्वप्रथम राज्य आणि तालुका सांगावा, मग किलोमीटरच्या दगडावरील आकडा. पलीकडचा कर्मचारी कन्नड बोलत असेल तरी बिचकू नये; ‘अपघात’ आणि ‘रक्त’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, ‘प्रज्ञे इल्ला’ म्हणजे शुद्ध नाही आणि ‘उसिराट इल्ला’ म्हणजे श्वास नाही. कणकुंबी-चोर्ला भागात रेंज नसेल तर एका वाहनाला पुढे पाठवावे. रुग्णवाहिका येणेच शक्य नसेल तर जखमीला रिक्षात मुडपून बसवण्यापेक्षा टेम्पोच्या हौद्यात सपाट निजवून न्यावे.

घाटात वा वळणावर वाहनांना सावध करण्यासाठी मांडलेले दगड नंतर तसेच राहतात आणि दुसरा अपघात घडवतात. त्याऐवजी वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्याच्या कडेला, बॅटरी घेऊन माणूस उभा करावा.

पोलिसांच्या भीतीने मागे राहणाऱ्यांनी जाणून घ्यावे की मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134 अ मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

रुग्णवाहिका आल्यावर जखमी मध्ये केव्हा बेशुद्ध झाला, उलटी झाली का, पट्टा किती वाजता बांधला, एवढे सांगावे आणि काढलेले हेल्मेटही सोबत द्यावे. त्यावरील चेप पाहून डोक्याला मार कुठे बसला याचा डॉक्टरांना अंदाज येतो.