डिस्प्ले गेला? नवा मॉनिटर आणण्याआधी या चुका टाळा

गणपतीला गावी गेलेलं घर आठ-दहा दिवसांनी ठाण्याला परत येतं. कॉम्प्युटर चालू केला तर कॅबिनेटचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. खाडीच्या दोन्ही काठांवर, इकडे ठाण्याला आणि तिकडे कळवा-ऐरोली-वाशीला, पावसाळ्यात ही तक्रार नेहमीची आहे. नेहमीची चूकही एकच : ‘मॉनिटर गेला’ असं ठरवून मोकळं होणं. चित्र तयार होतं कॅबिनेटमध्ये, केबलमधून येतं आणि सगळ्यात शेवटी मॉनिटरवर उमटतं. मधे कुठेही अडलं तरी काळी दिसते ती स्क्रीनच.

मॉनिटरची परीक्षा न घेता त्याला दोष देणं

ही परीक्षा मिनिटभराची आहे. मॉनिटरची पॉवर केबल राहू द्या, कॅबिनेटकडून येणारी एचडीएमआय किंवा व्हीजीए केबल मॉनिटरच्या मागून काढा आणि मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करा. ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ अशी अक्षरं उमटली तर पॅनेल (चित्र उमटवणारा पडदा) आणि बॅकलाइट (त्याच्या मागचा उजेड) दोन्ही शाबूत आहेत. मॉनिटरचा दिवाच लागत नसेल तर आधी बोर्डाचं बटण, स्पाइक गार्ड आणि अॅडॅप्टर पाहा. दिवा लागतो पण अक्षरं दिसत नाहीत, अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अगदी फिकट अक्षरं दिसली तर बॅकलाइट गेला आहे.

रेघा पडत असतील तर मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॅबिनेटचा त्यात काही हात नसतो. रेघ मेनूवरूनही आरपार गेली तर दोष पॅनेलचा आहे. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं असेल तर केबल, ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारं कार्ड) किंवा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तपासा. मेनू उघडलाच आहे तर इनपुट कोणतं निवडलंय तेही बघून घ्या. केबल एचडीएमआयला आणि निवड व्हीजीएवर, एवढ्यासाठीही मॉनिटर दुरुस्तीला गेलेले आहेत.

केबल चुकीच्या पोर्टात लावणं

साफसफाईनंतरची ही हमखास चूक. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी असतात ते मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचे, पोर्ट. त्याखाली आडव्या पट्टीत असतात ते ग्राफिक्स कार्डचे. कार्ड बसवलेलं असेल तर केबल खालच्या पोर्टात लावा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स चालू नसतं, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टातून चित्र येणारच नाही. कार्डाला ६ किंवा ८ पिनांची वेगळी पॉवर लागत असेल तर तीही नीट बसली आहे का पाहा. कार्ड बसतं त्या खाचेतून, म्हणजे स्लॉटमधून, जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्याहून मोठ्या कार्डाचं तेवढ्यावर भागत नाही.

रॅमला हात न लावणं, किंवा चुकीचा हात लावणं

पावसाळ्यातल्या काळ्या स्क्रीनमागे बहुतेकदा रॅम, म्हणजे मदरबोर्डवर उभी बसवलेली मेमरीची पट्टी, निघते. तिच्या कडेच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो फार पातळ. दमट हवा आणि धूळ मिळून त्यावर चिकट पापुद्रा धरतो. कॉम्प्युटर रोज चालू असेल तर आतली उष्णता ओलावा टिकू देत नाही. आठ दिवस बंद राहिला की पापुद्र्याला मोकळं रान मिळतं. सुदैवाने यावर खर्च काहीच नाही.

प्लग भिंतीवरच्या बोर्डातून काढा. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, प्लग काढायचाच. मग कॅबिनेटचं पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला एकदा हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या टोकांच्या क्लिपा बाहेर ढकला आणि पट्टी सरळ वर उचला. शाळकरी पोरांचा पांढरा, मऊ खोडरबर पिनांवर एकाच दिशेने हलका फिरवा, दोन्ही बाजूंनी. पॉलिश पेपर कधीच वापरू नका, मुलाम्यासकट पिन निघते. रबराचा चुरा कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर कापडाला लावून शेवटचा हात फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. स्लॉटमध्ये फक्त कोरडा ब्रश घाला, तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि तोच ओलावा पुन्हा आत बसतो.

पट्टी परत बसवताना तिची खाच स्लॉटच्या खाचेवर आणा आणि दोन्ही अंगठ्यांनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. निम्म्या तक्रारी या अर्धवट दाबलेल्या रॅमच्याच म्हणाव्यात, इतकी लोकं इथे घाबरतात. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून पाहा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. डीडीआर-५ या नव्या पिढीची रॅम असलेल्या मशीनवर रॅम काढून लावल्यानंतर पहिल्यांदा चित्र यायला काही मिनिटं लागू शकतात. त्या वेळी अधीर होऊन पॉवर बंद केली तर मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं.

एवढं करूनही काळंच असेल तर मदरबोर्डवरचे छोटे दिवे पाहा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं आणि जिथे अडलंय तो दिवा पेटून राहतो. जुन्या मशीनची तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल बदला.

लोगो दिसतो, मग काळं : इथे स्क्रू ड्रायव्हर नको

कंपनीचा लोगो आला म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम ठीक आहेत. गडबड विंडोजमध्ये आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप होऊन ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेली कामं बंद होत नाहीत. मग विंडोज आणि पी दाबा. कधीतरी टीव्ही जोडलेला असतो आणि चित्र ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’वर अडकलेलं असतं.

स्क्रीन फडफडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तोही फडफडला तर ड्रायव्हर, तो स्थिर आणि बाकीचं फडफडतंय तर एखादं अॅप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ असं नाव दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, अक्षरं बटबटीत दिसतात ती त्यामुळे. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअरं टाळा, ती चालू असलेलं बिघडवतात.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात? ही गोष्ट गंभीरपणे घ्या. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या (कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे २३० पैकी ११५ च्या आसपास, येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, पण अशा अवस्थेत चालू टीव्हीला चालू कॉम्प्युटरची एचडीएमआय खुपसली की तो फरक पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारे अॅडॅप्टर कॉम्प्युटरला वापरू नका. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि तोवर दोन्ही उपकरणं बंद करूनच केबल जोडा. विजा चमकत असताना केबल टीव्हीची तारही सेट-टॉप बॉक्समधून काढलेली बरी.

पुसण्याच्या चुका

काच पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर, वर्तमानपत्र यांपैकी काहीही स्क्रीनला लावू नका, वरचा थर कायमचा डागाळतो. मायक्रोफायबरच्या कापडावर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब पुरतात. स्क्रीनवर थेट फवारलेलं पाणी खालच्या पट्टीतून आत उतरतं आणि खालच्या कडेचं इलेक्ट्रॉनिक्स खराब होतं.

दुकानात नेताना

पॅनेल फुटलं असेल तर आधी पॅनेलचा भाव विचारा. घरगुती मॉनिटरचं पॅनेल बदलणं बरेचदा नव्या मॉनिटरच्या किमतीजवळ जातं. दोष कॅबिनेटमध्ये असेल तर मॉनिटर घरीच ठेवा, पण आपली केबल सोबत न्या, कारण दुकानातल्या केबलवर सगळं सुरळीत चालतं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. कोणता दिवा पेटत होता, किती बीप आले, कुठपर्यंत चित्र येत होतं हे मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ग्राफिक्स कार्ड जड असेल तर ते काढून स्थिर वीज न धरणाऱ्या (अँटी-स्टॅटिक) पिशवीत घाला आणि वरून फुगे असलेलं प्लास्टिक गुंडाळून वेगळं न्या. रिक्षाच्या धक्क्यांनी स्लॉटच उखडतो. आणि पावसातून आणलेलं कॅबिनेट लगेच चालू करू नका, पत्रा उघडून पंख्याखाली दोन-तीन तास राहू द्या.