बंगळुरूला राहायला जाताय? घर शोधा आणि कॉमिक कॉनची तयारीही तिथेच करा

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी बंगळुरूला निघालेलं, कॉमिक्स किंवा ॲनिमेचं (जपानी ॲनिमेशनचं) वेड असलेलं कुणी सल्ला विचारायला आलं, की मी एकच आग्रह धरते: तिथल्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सप्रेमी आवडत्या पात्रांचे पोशाख करून जमतात त्या मेळाव्याला, जा आणि त्याची सगळी तयारी त्या शहरातच करा. ऑफिस आणि खोली एवढ्यातच अडकलात तर वर्ष सरतं, पण शहर परकंच राहतं. पोशाखाचं कापड, छोटे दिवे, जुनी कॉमिक्स शोधत हिंडलात की रस्ते पाठ होतात, माणसंही भेटतात.

पण आधी घर.

आल्या आल्या अकरा महिन्यांचा करार करू नका. महिना-दोन महिने पीजीत राहा आणि घरं बघायला ऑफिसच्या गर्दीच्या वेळीच जा. सिल्क बोर्डच्या चौकात सोमवारी सकाळी किती वेळ जातो, ते रविवारी कळत नाही. जमलं तर मेट्रोच्या जांभळ्या मार्गाजवळ घर घ्या. चल्लघट्टा ते व्हाइटफिल्ड हा मार्ग ऑक्टोबर 2023 पासून सलग धावतो. मॅजेस्टिक, एम. जी. रोड, इंदिरानगर त्यावरच आहेत आणि गेली काही वर्षं कॉमिक कॉन भरतं ते व्हाइटफिल्डच्या केटीपीओ प्रदर्शन केंद्रात.

घर दाखवणाऱ्याला सगळ्यात आधी पाण्याचं विचारा. कावेरीचं पाणी येतं, बोअर आहे, की टँकर? 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा शहराच्या पूर्वेकडच्या कितीतरी इमारती टँकरवर दिवस काढत होत्या. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे करारात लिहून घ्या. डिपॉझिटही इथे जड असतं. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं मागायची रीत होती, आता पाच-सहा महिन्यांवर बोलणी सुरू होतात. घासाघीस जरूर करा. घर सोडताना रंगकामासाठी बहुतेक मालक एका महिन्याचं भाडं कापतात, तेही सही करण्याआधी विचारून ठेवा.

सामान लागलं की कॉनच्या तयारीला लागा. भारतात कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्लीत सुरू झालं, पुढच्याच वर्षी बंगळुरूत आलं. अलीकडे ते नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान होतं. तारखा जाहीर झाल्या की तिकीट लगेच काढा.

कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या पात्राचा पोशाख, करणार असाल तर मॅजेस्टिकला गाडी बदलून चिकपेट स्थानक गाठा. तिथल्या गल्ल्यांत कापड, लेस, जरी सगळं मिळतं आणि जवळच्या एस. पी. रोडवर एलईडी, वायर, बॅटऱ्या, स्विच. ‘एष्टु?’ म्हणजे कितीला, आणि ‘स्वल्प कम्मी माडि’ म्हणजे जरा कमी करा. एवढं कन्नड बोललात तरी दुकानदार खुलतो. तलवार किंवा ढाल फोमचीच करा. खरी हत्यारं आणि धारदार धातू आत नेता येत नाहीत. तलवार दोन-तीन तुकड्यांत करून पिशवीत न्या आणि आत गेल्यावर जोडा, म्हणजे प्रवासात अडचण होत नाही.

मधल्या एखाद्या शनिवारी चर्च स्ट्रीटला जा. ब्लॉसम बुक हाउसमध्ये जुन्या पुस्तकांत तास कसे जातात कळत नाही. तिथून थोड्याच अंतरावर, ट्रिनिटी मेट्रोजवळ, इंडियन कार्टून गॅलरी आहे. मैसूरचे आर. के. लक्ष्मण मुंबईत घडले आणि पुण्यात विसावले, त्यामुळे व्यंगचित्रांच्या बाबतीत हा प्रदेश आपल्याला मुळीच परका नाही.

कॉनच्या दिवशी दार उघडायच्या आधीच रांगेत उभे राहा. पायात चालायचे बूट, सोबत थोडी रोकड, कारण गर्दीत मोबाइलचं नेटवर्क दगा देतं. तिकिटासोबत सहसा एक कॉमिक मिळतं, ते आधी घेऊन टाका. मग मोठ्या कंपन्यांचे झगमगते स्टॉल सोडून थेट चित्रकारांच्या टेबलांकडे वळा. दुपारनंतर तिथे उभं राहायला जागा नसते. मुंबईचे अभिजीत किणी वर्षानुवर्षं अशा कॉनमध्ये स्टॉल मांडत आले आहेत. त्यांची नायिका साडीतली एक मुंबईकर मावशी आहे. अशा टेबलांवर स्वतः चित्रकार बसलेला असतो. त्याला चित्र कसं काढलं ते विचारा, एखादं प्रिंट घ्या, सही घ्या. तुमचे तीनशे-चारशे रुपये त्याच्या पुढच्या अंकाला लागतात.

कॉस्प्ले केलेल्याचा फोटो काढण्याआधी विचाराच, आणि पोशाखाला हात लावू नका. मात्र ‘हे कसं बनवलं?’ एवढं विचारलंत की समोरचा अर्धा तास मनापासून बोलतो. संध्याकाळी निघण्याआधी अशा दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि पुढच्या शनिवारी चर्च स्ट्रीटला भेटायची वेळ तिथेच ठरवा.