लाळ घेण्याआधी चहाचं विचारा

परळला तोंडाच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी लाळेचे नमुने घेण्याचं काम मी आठ वर्षं करतेय. नव्याने आलेल्यांना पहिलं हेच सांगते, की पेशंटला "काही खाल्लंय का?" असं विचारू नका. उत्तर "नाही"च येतं. "चहा किती वाजता झाला?" असं विचारा. मग कळतं, स्टेशनबाहेर कटिंग मारून आलेत.

अशांना चूळ भरायला लावून दोन तास बसवायचं. चहातली साखर तोंडातले जंतू फस्त करतात आणि लॅक्टेट, म्हणजे साखर मोडून होणारं रसायन, सोडतात. पंचाईत अशी, की आपणही लॅक्टेटच मोजणार. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं. प्युट्रेसिन या दुसऱ्या रसायनाचंही तेच, ते गाठीतून येतं तसं सुजलेल्या हिरड्यांतल्या जंतूंकडूनही येतं. म्हणून फॉर्मवर हिरड्या, मधुमेह, सुपारी सगळं लिहा. मिशरीचं वेगळं विचारा. "व्यसन नाही" म्हणणाऱ्या मावशींच्या पिशवीत मिशरीची डबी असते. त्यांच्या लेखी ते दात घासणं.

मान खाली, ओठ ट्यूबच्या कडेला, लाळ आपली आपण गळू द्यायची. खाकरायचं नाही. सुपारीने तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल तर घाई करू नका, पाच मिलीला वीस मिनिटं लागली तरी लागू देत.

ट्यूब तिथल्या तिथे बर्फात. लाळेतली एन्झाइम्स आणि जंतू ट्यूबमध्येही काम चालूच ठेवतात. एका जुलैत लोकल कुर्ल्याला अडकली, मी बर्फ बेताचाच घेतला होता. पोचले तेव्हा डब्यात पाणी. चौदा नमुने टाकले. तेव्हापासून बर्फ दुप्पट घेते. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग छोट्या ट्यूबांत वाटायचा आणि उणे 80 अंशांत ठेवायचा. एकाच मोठ्या ट्यूबमध्ये ठेवला तर दर वेळी सगळाच वितळवावा लागतो.

"पोरी, यात कळेल ना मला आहे की नाही?" हे सगळेच विचारतात. गोलमोल बोलू नका. हे संशोधन आहे, निदान बायोप्सीनेच होतं. आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाहीये असं कोणी बोलता बोलता म्हणालं, तर ट्यूब बाजूला ठेवून आधी त्यांना ओपीडीत डॉक्टरांसमोर नेऊन बसवा.